दोन गाल

साल्म नदीच्या काठी लाँबेरच्या दुकानात
मी पोरसवदा होतो तेव्हा तीन निसणे होते,
जुन्या फ्लॅनेलात गुंडाळलेले.
मला त्यांना हात लावायची बंदी.
दोन वर्षं फक्त चामोट्याला तेल चोळायचं,
साबणाचा फेस करायचा, केस झाडायचे.

पहिला इथलाच, टेकडीपलीकडच्या खाणीतला.
वरून सायीसारखा पिवळा, खालून निळा-जांभळा,
दोन थर, जन्मापासून एकमेकांना धरून.
पिवळ्यात गोमेदाचे कण असतात, लाँबेर सांगायचा,
डोळ्याला दिसत नाहीत, पोलादाला कळतात.
दुसरा थुरिंगियाचा, ढगाळ, काळसर हिरवा,
युद्ध संपल्यावर पायी घरी निघालेल्या कुणीतरी
एका बुटांच्या जोडावर दिलेला.
तिसरा जपानी.
अँटवर्पच्या खलाशानं उधारीपोटी ठेवला
तो परत न्यायला आलाच नाही.
कडेला छिन्नीचे घाव तसेच,
पाठीवर पुसट शाईचा शिक्का,
गावात कुणालाच न वाचता येणारा.

पिवळ्यावर पाणी टाकून खडा घासला
की दुधाळ गाळ सुटायचा,
वस्तरा त्यात खरखरत पोहायचा.
मग थेंबाथेंबानं पाणी.
गाळ पातळ, आणखी पातळ,
शेवटी नुसतं पाणी, आणि पातं दगडाला चिकटायचं
ओल्या काचेवर काच ठेवावी तसं.
थुरिंगियाचा मुका. पातं फिरतंय की नाही
हे मनगटालाच विचारावं लागे.
जपान्याचा आवाज मात्र यायचा,
पलीकडच्या खोलीत कुणी रेशीम फाडतंय असा.

सरस कोणता?
लोंबता केस कापून दाखवणारे पुष्कळ,
लाँबेर म्हणायचा. केसाला काय, तो आधीच मेलेला.
गालाला विचारा.

म्हणून देझिरे पोस्टमन.
दर शनिवारी त्याचा डावा गाल पिवळ्याचा,
उजवा परक्याचा; आठवडा बदलला की परका बदलायचा.
पाटीवर खडूनं नोंद मी करायचो.
पण देझिरेला काही सांगता येईना.
सायकलवर वारा दोन्हीकडून सारखाच झोंबतो, म्हणाला.
घरी लेओनीला विचारतो.

लेओनीनं हाताचं पीठ एप्रनला पुसलं,
बोटांच्या मागच्या बाजूनं दोन्ही गाल पाहिले.
थुरिंगियाच्या आठवड्याला निरोप आला:
डावा माझ्या नवऱ्याचा आहे,
उजवा कुणा बँकेतल्या साहेबाचा.
जपान्याच्या आठवड्याला ती स्वतःच दुकानात आली.
दारातूनच म्हणाली,
या गालाला हात लावला की वाटतं
हा कुठेतरी निघालाय.

लाँबेर हसला नाही.
त्यानं जपानी निसणा फ्लॅनेलात बांधून वरच्या फळीवर टाकला.
पुढे तो उतरायचा तो नवरदेवांसाठी,
आणि लिएजच्या कारखान्यात
नोकरीला जाणाऱ्या पोरांसाठी.
पाटी पुसून टाकली. एवढ्यावर तुलना संपली.

देझिरे गेला त्या फेब्रुवारीत
लाँबेरचे हात थरथरायला लागले होते,
म्हणून मी गेलो.
निघताना माझा हात आपसूक वरच्या फळीकडे वळला.
लेओनी उंबऱ्यातच उभी होती.
तो नको, म्हणाली. पिवळा घे.
कुठे जायचंय त्याला?

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मी गाळ केला, पातळ केला, पाणी पाणी केलं.
दोन्ही गाल एकाच दगडाचे, पहिल्यांदाच.
ती डाव्या बाजूला बसली होती,
बोटं पालथी, मांडीवर तयार.

दुकान आता नाही. पिवळा माझ्याकडे आहे,
मध्ये खोगिरासारखा दबलेला.
महिन्यातून एकदा स्वतःसाठी काढतो.
वरचा थर नखाएवढा उरलाय.
एका कोपऱ्यात
खालचा निळा दिसू लागलाय.